हाक न मारता

मालवण,
२० ऑगस्ट २००७

आदरणीय सर,

साष्टांग नमस्कार. तुम्ही निवृत्त होऊन सोळा वर्षे झाली, तरी शाळेत इंग्रजी लिहिण्याचा प्रसंग आला की अजून तुमचेच नाव निघते. म्हणून हा त्रास.

सहा देशांतल्या शाळांनी मिळून एक उपक्रम आखला आहे. मुलांनी आपापल्या घरी काय खातात आणि त्यामागे कोणती रीत आहे हे लिहायचे, ते ई-मेलने एकमेकांना पाठवायचे आणि शेवटी संगणकाच्या पडद्यावर समोरासमोर बोलायचे. आपली जोडी नॉर्वे देशाच्या उत्तर किनाऱ्यावरील एका शाळेशी जमली आहे. आपल्याकडे संगणक एकच आणि त्याला वीज मिळेलच असे नाही; पण मुले हरखून गेली आहेत.

नववीतल्या पाच मुलांचे निबंध सोबत धाडते आहे. 'जरा बरे काहीतरी लिहा' असे मुख्याध्यापकांनी सुचवल्यामुळे चौघांनी मोदक, घावणे, सोलकढी आणि खाजे निवडले. पाचवी दिव्या. ती मासे विकणाऱ्या हौसाबाईंची नात. तिने आगोट निवडली: पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की घर चालावे म्हणून बारीक कोलंबीचे गोलमो आणि इतर मासळी कशी वाळवतात, भरून ठेवतात, आणि पेजेबरोबर ती चार महिने कशी पुरवतात. शेवटी तिने आजीच्या माहेरची एक रीत लिहिली आहे. मला ती सर्वांत आवडली.

आपण या पाचही निबंधांचे इंग्रजी करून द्यावे, अशी विनंती आहे.

आपली विद्यार्थिनी,
यशोदा मेतर

—

सावंतवाडी,
२९ ऑगस्ट २००७

चि. यशोदा हिस आशीर्वाद.

भाषांतरे पाठवीत आहे. चार निबंध जसे होते तसेच आहेत. पाचव्यात मी बदल केला आहे, त्याची कारणे देणे माझे कर्तव्य आहे.

प्रथम प्रयोजन पाहू. उपक्रमाचा विषय अन्न आणि संस्कृती असा आहे. संस्कृती म्हणजे समाजाने विचारपूर्वक जपलेली गोष्ट. वाळूत पसरलेली मासळी, तिच्यावरच्या माश्या, डब्यात तळाशी उरलेले मूठभर गोलमो हे वर्णन अडचणीचे आहे, आणि एका घराची अडचण ही प्रांताची संस्कृती नव्हे.

दुसरे असे की, वाचक परका आहे. त्याला आपल्याविषयी पूर्वज्ञान नाही. एका निबंधावरून तो संपूर्ण किनाऱ्याविषयी अनुमान करील. एका उदाहरणावरून काढलेले अनुमान सदोष असते हे आपण जाणतो. तो जाणतो असे गृहीत धरता येत नाही.

तिसरे, शेवटचा परिच्छेद. तो ऐकीव आहे. त्यात आरोंद्यातील एका घराचा उल्लेख आहे. त्या घराला आपली बाजू मांडण्याची संधी नाही. असा मजकूर शाळेच्या नावाने बाहेर जाणे उचित नाही. सबब तो गाळला.

रिकाम्या जागी हळदीच्या पानांतल्या पातोळ्यांचे वर्णन घातले आहे. मुलीच्या नावास शोभेल असे आहे. ती पातोळ्या करताना आजीला मदत करते असे मी लिहिले आहे. कोणत्याही घरातील मुलगी तशी करते, तेव्हा त्यात असत्य नाही.

मुलीची भाषा चांगली आहे. तिला वाव द्यावा.

शंकर आजगावकर

—

मालवण,
२४ सप्टेंबर २००७

आदरणीय सर,

गणपतीच्या सुट्टीमुळे पत्राला उशीर झाला असे लिहिणार होते. ते खरे नाही. काय लिहावे हे मला सुचत नव्हते.

तुमचा मजकूर मी जसाच्या तसा पाठवला. दिव्याला आधी दाखवला नाही. मुदत संपत होती, हे एक कारण. तुमच्या अक्षरापुढे बोलायची मला अजून सवय नाही, हे दुसरे.

मुलांनी पाचही निबंध छापून फळ्याशेजारी लावले. एका मुलीने दिव्याला तिचा निबंध मराठीत सांगितला. दिव्याने ऐकून घेतले, कागद काढला, घडी केली आणि माझ्या टेबलावर ठेवला. "बाई, ह्यो निबंध माझो नाय," एवढेच म्हणाली. त्या दिवसापासून उपक्रमाच्या तासाला ती येत नाही.

दुसऱ्या दिवशी हौसाबाई आल्या. टोपली बाहेर ठेवली आणि वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या.

"बाय गो, पातोळ्यो आमच्याकडे होतत. नागपंचमेक होतत, नाय म्हणणंय नाय. पण चेडवान जा लिवलेला, ता खंय गेला?"

मी म्हटले, परदेशात पाठवायचे, म्हणून जरा नीट करून घेतले.

"नीट म्हंजे?" त्या हसल्या. "आमका आमच्या खाण्याची लाज नाय. मगे ती दुसऱ्याक कित्याक?"

टोपली उचलून त्या निघाल्या.

त्याच आठवड्यात नॉर्वेहून उत्तर आले. इंग्रिड नावाच्या मुलीने लिहिले आहे: आमचे गाव मासेमारांचे. हिवाळ्यात पकडलेला कॉड मासा आम्ही लाकडी मांडवांवर टांगून महिनोन् महिने वाळवतो. गावभर वास असतो. तुम्हाला किळस येईल म्हणून मी केकबद्दल लिहिणार होते. बाईंनी तसे करू दिले नाही. तुमचे गाव समुद्रावर आहे असे नकाशात दिसते. तुम्ही मासे खात नाही का?

सर, सुक्या मासळीचा डबा आणणाऱ्या मुलांनी शाळेच्या विहिरीमागे बसून जेवावे, हा नियम तुम्ही केला होता. तुमच्या लक्षात आहे की नाही ठाऊक नाही. मी सहा वर्षे तिथे बसले. आईने भाजून दिलेले गोलमो मी कावळ्यांना घालायची आणि कोरडी भाकरी घेऊन पुढे मैत्रिणींत येऊन बसायची. आईला रिकामा डबा दाखवला की ती म्हणायची, आवडला ना गो? हे मी कोणाला सांगितलेले नाही.

एक विचारायचे राहिले. दिव्याचे हस्तलिखित तुम्ही परत पाठवलेत. त्यातला शेवटचा परिच्छेद तुम्ही खोडला आहे. शेवटच्या वाक्यावर तर कागद फाटला आहे. तिच्या वहीतून तो परिच्छेद इथे उतरवते:

"माझ्या आजीचे माहेर आरोंद्याला. तिची आई गंगू रोज हाका मारत गावभर मासे विकायची. पण आगोटीची मासळी वाळली की पहिला वाटा विकायचा नाही, ही तिच्या घरची रीत होती. ज्या घरातला कर्ता माणूस त्या वर्षात गेला असेल, त्या घराच्या मागीलदारी तो वाटा ठेवायचा, आणि पाऊस संपेपर्यंत दर आठवड्याला थोडे थोडे ठेवत राहायचे. तेव्हा हाक मारायची नाही. हाक मारली तर आतल्या माणसाला दार उघडावे लागते, आणि दार उघडले की घेणाऱ्याचे तोंड दिसते. आरोंद्यात एक मोठे घर होते. त्या घरची अडचण लवकर सरली नाही, म्हणून तिथे गंगू चार पावसाळे जात होती. आजी लहानपणी तिच्याबरोबर असायची. तिने एकदा त्या घरातला मुलगा दाराआड उभा असलेला पाहिला होता."

यात कोणाची निंदा आहे, ते मला दिसत नाही.

१९ ऑक्टोबरला दोन्ही शाळा पडद्यावर बोलणार आहेत. इंग्रिडला दिव्याशीच बोलायचे आहे. दिव्या येणार नाही म्हणते. तिचे बरोबर आहे असे मला वाटते. काय करावे?

यशोदा

—

सावंतवाडी,
१ ऑक्टोबर २००७

चि. यशोदा,

पत्र पोचले. मुद्द्यांना क्रमाने उत्तर देतो.

विहिरीमागचा नियम माझ्या लक्षात आहे. तो सर्वांच्या सोयीसाठी होता. वर्ग लहान, खिडक्या दोन. मासळी मी स्वतः खातो, तेव्हा आकसाचा प्रश्न उद्भवत नाही.

त्या मुलीला माझा मजकूर मान्य नसेल, तर नाव काढून घ्यावे. उपक्रम एका मुलीवाचून अडत नाही.

कागद फाटला, कारण माझ्या पेनाचे टोक जाड आहे.

शंकर आजगावकर

—

सावंतवाडी,
५ ऑक्टोबर २००७

चि. यशोदा,

तुझ्या उत्तराची वाट न पाहता हे लिहीत आहे. सोमवारच्या पत्रातील प्रत्येक विधान सिद्ध करता येईल, आणि ते पत्र खोटे आहे. पेनाचे टोक जाड आहे, हे खरे. त्याच टोकाने मी उरलेले चार निबंध तपासले. ते फाटले नाहीत.

आयुष्यभर मी मुलांना शिकवले की, निष्कर्ष आधी ठरवून मग कारणे जमवणे हा विचार नव्हे. २९ ऑगस्टच्या पत्रात मी नेमके तेच केले. तीन कारणे दिली. खरे कारण चौथे होते.

ते घर आमचे.

१९४३ च्या आषाढात वडील गेले. मी दहा वर्षांचा होतो, पाठच्या दोन बहिणी. घर मोठे, पुढे दगडी जोते, लाकडी खांब. जोते पाहून गावाला वाटे की यांच्याकडे कोठारे भरलेली असणार. कोठारात पायली-दोन पायली भात होते. युद्धाचे दिवस, रंगूनचा तांदूळ बंद झालेला. आईला मागता येत नव्हते. तिने पुढचे दार लावून घेतले.

एका सकाळी मागीलदारी उपडी परडी दिसली. वर कावळ्या-मांजरांपासून राखण म्हणून दगड. खाली केळीच्या पानात बांधलेले गोलमो. आईने पुडी उचलली, इकडेतिकडे पाहिले आणि आत येऊन खिडक्या लावल्या. भाजताना वास बाहेर जाऊ नये म्हणून. "कोणाला सांगायचं नाही," असे ती म्हणाली. त्यानंतर पावसाळ्यात दर आठ दिवसांनी ती परडी येत राहिली. पेज आणि ते गोलमो, यावर आम्ही तीन भावंडे वाढलो. हे अतिशयोक्तीने लिहीत नाही.

दुसऱ्या वर्षी मी दाराच्या फटीशी पाळत ठेवली. पाऊस होता. एक बाई वाकून परडी ठेवीत होती. तिच्यामागे डोक्यावर खोळ घेतलेली लहान मुलगी. दार थोडे उघडे होते. मुलीने मला पाहिले. मी तिला पाहिले. तिने तोंड उघडले, आणि मी मागे सरलो. तिने हाक मारली असती तर मला बाहेर यावे लागले असते. तिने मारली नाही. मीही मारली नाही. ती बाई कोण होती हे मला ठाऊक होते. रोज सकाळी तिचा आवाज रस्त्यावरून जात असे.

पुढे सावंतवाडीस शिकायला राहिलो. पहिल्याच आठवड्यात बाकावरचा शेजारी म्हणाला, "याच्या सदऱ्याला सुक्या मासळीचा वास येतो." बाकी मुले हसली. मीही हसलो. पंचवीस वर्षांनी मुख्याध्यापक झालो, तेव्हा मी केलेला पहिला नियम विहिरीमागचा होता. या दोन गोष्टींमधला संबंध मला तेव्हा दिसला नाही, असे म्हणणे सोपे आहे. तो मी पाहिला नाही.

तू सहा वर्षे तिथे बसलीस. तुझ्या आईला तू रिकामा डबा दाखवलास. त्या रिकाम्या डब्यात माझा वाटा आहे. त्याचे उत्तर माझ्याकडे नाही आणि मी ते रचणार नाही.

दिव्याच्या मूळ निबंधाचे भाषांतर सोबत आहे. एक शब्दही बदललेला नाही. माझी एक विनंती आहे: निबंधाखाली एक ओळ घालावी की ते घर आजगावकरांचे, आणि दाराआडचा मुलगा शंकर, जो पुढे या शाळेचा मुख्याध्यापक झाला. ती ओळ मी इंग्रजीत लिहून ठेवली आहे.

शंकर

—

मालवण,
१४ ऑक्टोबर २००७

आदरणीय सर,

तुमचे पत्र घेऊन मी हौसाबाईंकडे गेले. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मोठ्याने वाचले. दिव्या चुलीपाशी होती. मी वाचत असताना हौसाबाई बांगडे साफ करीत होत्या. हात थांबला नाही. मुलीने तोंड उघडले, असे तुम्ही जिथे लिहिले आहे तिथे मात्र थांबला.

"माका चिमटो काढलान आवशीन," त्या म्हणाल्या. "हंयसर, दंडाक. मी हाक मारतलंय म्हणान. घराक येईसर काळो पडलो."

मी तुमच्या ओळीचे विचारले.

"नाव घालूचा नाय."

मी म्हटले, सरांची स्वतःची इच्छा आहे.

"त्यांची आसात. माझ्या आवशीन त्या घराचा नाव तोंडातसून कधी काढूक नाय. मरताना पण नाय. आता मास्तरांका बरा वाटाचा म्हणान आमी आमची रीत मोडू?" मग सुरी पुसत म्हणाल्या, "मास्तरांक सांग, तुमी माझ्या झिलाक विहिरीमागे बसयलात, तेवाय माका म्हायत होता तुमी कोण ते. झिल रडत घराक इलो. तेवा बोलूक नाय. आता कित्याक बोलू?"

त्यांच्या मुलालाही तिथे बसवले होते, हे मला ठाऊक नव्हते. दिव्याच बोलली, "आजये, त्यांका लाज वाटता मां?"

"वाटांदे. थोडी वाटाक व्हयी."

सर, हे मी गाळू शकले असते. तुमच्या पाचव्या निबंधानंतर माझ्याने काही गाळवत नाही.

तुमचे भाषांतर नॉर्वेला पाठवले. ओळ पाठवली नाही. दिव्या १९ तारखेला यायला कबूल आहे. तिची अट एकच: ती स्वतःच्या बोलीत बोलणार आणि मी ती म्हणेल तेवढेच इंग्रजीत सांगणार.

यशोदा

—

मालवण,
२० ऑक्टोबर २००७

आदरणीय सर,

काल दुपारी साडेबाराला बोलणे झाले. वीज टिकली. पडद्यावर चित्र अडखळत होते. तिकडच्या मुलांचे ओठ आधी हलायचे आणि आवाज मागून यायचा. दिव्याने बशीत गोलमो नेले होते. इंग्रिडने वाळलेला मासा लाकडासारखा टेबलावर आपटून दाखवला. दोन्हीकडची मुले हसली. मग तिने तो कॅमेऱ्यापुढे धरला आणि म्हणाली, वास पाठवता येत नाही, नशीब तुमचे. आपला वर्ग खिदळत होता. कोणी नाक धरले नाही.

हौसाबाई दारात बसल्या होत्या. टोपली बाजूला, पदर खोचलेला. आत या म्हटले तर म्हणाल्या, "हंयसरच बरा."

इंग्रिडने त्या मोठ्या घराबद्दल विचारले. ते कोणाचे होते?

दिव्या म्हणाली, "ता सांगूचा नसता."

मी तेवढेच सांगितले. त्यांच्या बाईंनी मान हलवली. मग इंग्रिडने विचारले, मग त्या घरातल्या माणसांचे पुढे काय झाले?

दिव्याने मागे वळून आजीकडे पाहिले. हौसाबाई दारातूनच म्हणाल्या, "जगली म्हणान सांग. झिल खूप शिकलो."

माणसे जगली, मुलगा खूप शिकला, असे मी इंग्रजीत सांगितले. इंग्रिडने आणखी एक विचारले: ते कोण ठेवत होते, हे त्या मुलाला कधी कळले का?

या वेळी दिव्याने मागे पाहिले नाही. "तेका तेवापासून म्हायत होता," ती म्हणाली. "पण तो गप रवलो."

तुमच्या पत्राशी हे ताडून पाहिले, सर. तिचा एक शब्दही चुकलेला नाही. तेही मी तसेच इंग्रजीत सांगितले.

यशोदा

—

सावंतवाडी,
२५ ऑक्टोबर २००७

चि. यशोदा,

मुलीचे विधान पूर्ण आहे. त्याला मला काही जोडायचे नाही आणि त्यातून काही वगळायचे नाही.

माझ्या ओळीविषयी हौसाबाईंनी दिलेला निर्णय योग्य आहे. जाहीर कबुली देऊन मी मोकळा झालो असतो, आणि त्यासाठी त्यांना त्यांचीच रीत मोडावी लागली असती. हे त्यांना एका वाक्यात दिसले. मला दिसले नव्हते.

विहिरीमागचा नियम माझ्यानंतर कोणी चालू ठेवला का, हे मला कळव. चालू असेल तर मुख्याध्यापकांना लिहिण्याचा अधिकार मला आहे, आणि तो मी वापरीन.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीने मालवणास येत आहे. हौसाबाईंच्या घरी जाईन. बरोबर काही आणणार नाही. त्यांच्या पुढ्यात ठेवावे असे माझ्याकडे काही नाही. पुढच्या दाराने जाणार नाही. मागीलदारी उभा राहीन आणि हाक मारीन. गावातल्या लोकांना ऐकू गेली तरी चालेल.

मी येणार हे त्यांना आधी सांगू नकोस. दार उघडायचे की नाही, हे त्यांनी माझा आवाज ऐकून ठरवावे.

शंकर